आधी कूस, मग दळण

गिरणीवाली अजून मेली नाही, ही गोष्ट तिच्या दिराला काही केल्या पचत नाही.

नवऱ्यामागं पिठाची गिरणी तिनं एकटीनं चालवली. एके दिवशी गिरणीचं गळकं छप्पर ठोकायला वर चढली, पत्रा निसटला आणि बाई थेट रस्त्यावर! लोक धावले. माया होती हो सगळ्यांना, अक्कल नव्हती! दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, आणि पोतं उचलावं तसं उचलून मोटरसायकलवर दोघांच्या मधे कोंबलं. दवाखान्यापर्यंत खड्ड्याखड्ड्यातून ती तशीच हिंदकळत गेली. मणका मोडला होताच, उरलंसुरलं त्या रस्त्यानं पुरं केलं.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "पाय परत येणार नाहीत. आता पाठ सांभाळा. दर दोन तासांनी कूस बदलायची. कमरेखाली तुम्हाला काही कळणार नाही, आणि पाठीला एकदा जखम झाली की तीच जीव घेईल."

घरी आणल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही मागच्या खोलीत आराम करा. गिरणीचं मी बघतो." आयत्या बिळावर नागोबा!

"आणि कूस कोण बदलणार, भाऊजी? तुम्ही?"

दीर चपला शोधायला लागला. घरात दुसरं माणूस म्हणजे सासू. म्हातारीचा सुनेवर जीव, पण अंगात ताकद चिमणीएवढी. मागच्या खोलीत गेलो की आपण संपलो, हे गिरणीवालीला लख्ख कळलं. एकदाच मनसोक्त रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, माझी खाट गिरणीत लावा."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक तिथं येतात म्हणून तर जायचंय!"

तिथं तिनं कायदाच केला. आधी कूस, मग दळण. आपलं पीठ निघेपर्यंत नाहीतरी माणसं माश्या मारत बसतात, मग लावा की हात! सुरुवातीला बायका बिचकल्या, पुरुष तर डबा ठेवून पळायला बघायचे. "मला ओढलंत तर पीठ भरड देईन," ती दम भरायची. "खांदा आणि कंबर एकदम. हं! आता गुडघ्यांमधे उशी." शेजारच्या दोघींना रात्रीसाठी बांधून घेतलं, बदल्यात त्यांचं दळण सगळ्यात आधी. सासू धान्य ओतायची, सून खाटेवरूनच पीठ चिमटीत घेऊन ओरडायची, "आई, अजून बारीक!" उंटावरून शेळ्या हाकतेस, असं कुणी चिडवलं तर म्हणायची, "शेळ्या ऐकतात ना? मग झालं!"

असं वर्ष होत आलं. एका सकाळी दीर एका अनोळखी, जाडजूड माणसाला घेऊन आला. गिरणी विकत घेणारा. दोघांच्याही नाकाला रुमाल. कूस बदलायची वेळ झालेलीच होती.

"ओ पाहुणे," रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "रिकामे उभे काय राहता? हात धुवा, कंबर धरा."

त्या बिचाऱ्याला काय माहीत! इथली रीतच असेल म्हणून वाकला. चौघांनी मिळून तिला अलगद वळवलं, तसं पोलकं जरा वर सरकलं. पाठीवर साधा ओरखडा नव्हता. कुणाच्या तरी पिठाळ हाताची पाच बोटं तेवढी उमटली होती.

पाहुणा ताठ उभा राहिला आणि दिराकडं वळला. "अहो, तुम्ही तर म्हणालात पाठ सडलीय, महिन्याभराचा प्रश्न आहे!"

सासूनं बटण दाबून गिरणी बंद केली. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच केली.

गिरणीवालीला लागलं, खोटं कशाला सांगा! याच दिराला तिनं लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. पण खाटेवरूनच खणखणीत म्हणाली,

"भाऊजी, माझ्या मरणाची वाट बघताय ना? मग लांबून कशाला? असे जवळ या. दोन तासांनी पुढची पाळी तुमची. आणि हात स्वच्छ धुऊन या."