शाबूत शिंगांचा मासा

मासा ओरडतो, हे ज्याने कधी ऐकले नाही त्याला सांगून पटत नाही. पाण्याबाहेर काढलेला शिंगाळा ओरडतो. तो आवाज घशातून येत नाही. पोटातल्या कुठल्यातरी पोकळीतून, ओल्या फळीवर फळी घासावी तसा, दबलेला आणि चिडलेला येतो. भाद्रपदातल्या त्या सकाळी लोणावळ्याच्या बाजारात धुके इतके खाली उतरले होते की समोरच्या दुकानांच्या पन्हाळी दिसत नव्हत्या, नुसत्या ठिबकताना ऐकू येत होत्या. ओल्या गोणपाटाचा, दगडी कोळशाच्या धुराचा आणि घाट चढून आलेल्या खाऱ्या पाण्याचा वास एकमेकांत मिसळून हवेत थांबून राहिला होता, आणि त्या धुक्यात एका करंड्याच्या तळाशी तो मासा ओरडत होता. त्या आवाजाला आता कितीतरी वर्षे झाली. अजूनही पावसाळा सरता सरता धुके उतरले, की माझा हात नकळत खिशात जातो आणि मूठ मिटते.

माझ्या आयुष्यात अक्षर म्हणून जे काही आले ते दादाच्या पाठीवरून आले. आमचे गाव वडिवळे. इंद्रायणीला मिळणाऱ्या लहानशा नदीच्या काठी आमची भाताची चार खाचरे, आणि वडील मी पाटी धरण्याच्या आतच गेलेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही केलेली नव्हती. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याने खाचरे आईवर सोपवली, लोणावळ्याच्या स्टेशनात हमाली धरली, रुळांच्या कडेला एका खोलीत बिऱ्हाड केले, आणि तळेगावच्या शाळेपासून पुण्याच्या कॉलेजापर्यंत मला एकेक वर्ग वर ढकलले. ढकलले हाच शब्द खरा. मालाची गाडी घाटात अडली तर मागून इंजिन लावतात, तसा तो माझ्या मागे होता. त्याने स्वतःचे लग्नसुद्धा, 'हा एकदा सुटू दे,' असे म्हणत मागे मागे सारले होते. त्या वर्षी मी बी.ए. झालो. पुण्यातल्या एका शाळेत मला जागा मिळाली, आणि रुजू होण्याआधी मी चार दिवस दादाकडे राहायला आलो, तेव्हा माझ्या अंगात त्यानेच शिवून दिलेला काळा कोट होता.

दादा म्हसोबाला नवस बोलला होता. आमच्याकडे नदीकाठच्या म्हसोबाला शिंगटा वाहतात. शिंगटा म्हणजे नदीतला मिशाळ, बिनखवल्यांचा मासा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक असे ताठ काटे असतात. तीच त्याची शिंगे. नवसाचा मासा जिवंत न्यायचा, त्याची तिन्ही शिंगे शाबूत असावी लागतात, आणि जो नवस बोलला त्यानेच तो उघड्या हाताने धरून पायरीवर ठेवायचा. मोडक्या शिंगाचा बोकड जसा देवाला चालत नाही, तसा मोडक्या शिंगाचा मासाही चालत नाही. माझा निकाल लागला तेव्हा पाऊस सुरू झाला होता, पुढे नदी फुगली ती उतरेना, आणि पितृपंधरवडा तोंडावर आला. फेडलेला नवस घेऊनच मी कामावर रुजू व्हावे, असा दादाचा हट्ट होता. नदी देत नाही तर समुद्र देईल, शिंगटा नाही तर त्याचा समुद्रातला भाऊबंद शिंगाळा, असे म्हणून तो त्या सकाळी मला बाजारात घेऊन गेला.

घाटाखालून येणाऱ्या सकाळच्या गाडीने एक कोळीण आठवड्यातून दोनदा करंडे घेऊन येत असे. उतारवयाची, काटक, कोपरापर्यंत मिठाने पांढरी पडलेली. करंड्यात हात घालायचा, मासा उलटा धरायचा, कोयत्याच्या मुठीने तिन्ही काटे कडाकड मोडायचे आणि मगच तो गिऱ्हाइकासमोर टाकायचा, हे ती बोलता बोलता, खाली न बघता करीत होती.

"ह्यो मोडू नगंस, मावशे," दादा म्हणाला. "मला शाबूत पायजे. देवाचा हाय."

तिचा हात थांबला. "देवाला काटे कशाला रं? देव काय दात कोरणार हाय?"

भोवतीची माणसे हसली. दादाही हसला. "आमच्या देवाला लागत्यात. तू दे तर खरं."

"काटा मोडल्याबिगर मी शिंगाळा कुणाच्या हातात देत नाय. माझ्या नवऱ्याला बी दिला नाय कधी."

"आगं, आमच्या नदीला बी शिंगटं हायती. ल्हानपणापासनं धरतुय मी. तुमच्या समुद्राला काय येगळी शिंगं फुटली का?"

"फुटलीत म्हणून तर सांगते," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. मोडलेला एक काटा तिने चिमटीत धरून वर केला. बोटाएवढा लांब होता, आणि त्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दात होते, सगळे मागे वळलेले. "आत जातो सुईसारखा. बाहेर येताना मांस घेऊन येतो. वर जहर ते वेगळंच." दादा करंड्यात वाकून मासा निवडत होता. त्याचे लक्ष नाही असे पाहून ती माझ्याकडे वळली. "ए कोटवाल्या, तू शिकलेला दिसतोस. भाऊ ना तुझा? तू तरी सांग याला."

मी सांगितले नाही.

या वाक्याभोवती मी पुष्कळ वर्षे फिरलो आहे. दादाचा शब्द मी कधी मोडला नव्हता, म्हणून बोललो नाही, असे मी लोकांना सांगत आलो. तेही खरे आहे. पण त्याहून खरे असे, की समोरच्या दुकानाच्या पायरीवर पुण्याचे दोन गृहस्थ छत्र्या मिटून उभे होते आणि त्यातल्या एकाची माझी कॉलेजात ओळख होती. मासळीच्या करंड्यापासून मी दोन हात दूर उभा होतो, कोटावर शिंतोडे उडू नयेत म्हणून. आणि नवस, म्हसोबा, शिंगे असली बोली चाललेल्या त्या घोळक्यात मीही एक आहे हे कळू नये म्हणून. तोंड उघडले असते तर मी त्या हमालाचा भाऊ ठरलो असतो. म्हणून ते मिटून ठेवले.

दादाने सर्वांत मोठा मासा निवडला. आमच्या नदीत शिंगटा धरायची एक रीत आहे: तळवा पाठीवर दाबून पाठीचे शिंग तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात घ्यायचे, आणि कुशीची शिंगे अंगठ्याने व करंगळीने मागून रेटायची. शिंगट्याला ते पुरते. शिंगाळ्याची मान त्याच्या दुप्पट जाड आणि डोक्यावर हाडाचे कवच. दादाचा अंगठा घसरला, मासा एकदाच सगळ्या अंगाने उसळला, आणि पाठीचा काटा बेचकी सोडून तळव्याच्या मध्यातून शिरला आणि वर, मधल्या दोन बोटांच्या मुळाशी, कातडी उचलून थांबला. दादा ओरडला नाही. मासा ओरडत होता. "ओढू नको! तसाच राहा, मी काटा मुळाशी तोडते!" कोळीण उठतच होती. पण मावळातला माणूस काटा रुतला की काय करतो? करवंदीचा असो, बाभळीचा असो, दात आवळून उपसतो. दादाने मासा डाव्या हाताने शेपटीकडे धरला आणि सगळ्या ताकदीने हिसकला.

ओले धोतर फाटावे तसा आवाज झाला. काटा बाहेर आला तो पांढरे-तांबडे धागे घेऊन, आणि मागून रक्त आले ते ठिबकत नव्हे, उसळत. दादाचे तोंड राखेसारखे झाले. मग जे झाले ते मी दादाकडून आधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. त्याने मासा फरशीवर आपटला, उचलून पुन्हा आपटला, आणि तो तरीही ओरडतच आहे असे पाहून वजनाचा दगड उचलून त्याच्या डोक्यावर घातला. एकदा, दोनदा, कितीदा ते सांगवत नाही. प्रत्येक घावागणिक त्याच्याच हाताचे रक्त त्याच्याच तोंडावर उडत होते. ओळखीचा गृहस्थ छत्री उघडून निघून गेला. कवच फुटले, जबडा सैल पडला, आणि त्या मेलेल्या तोंडातून बोराएवढे पिवळसर गोळे घरंगळत बाहेर आले. दहा, वीस, तीस. फरशीच्या उतारावरून ते धुक्याच्या पाण्यात गडगडत गेले. एक माझ्या बुटाशी थांबला. आत दोन काळे डोळे होते, आणि ते हलले.

"बापूस हाय तो," कोळीण हळू आवाजात म्हणाली. दादाच्या मनगटाला तिने आपल्या पदराची चिंधी करकचून बांधायला घेतली होती. "यांच्यात मादी अंडी घालते, बापूस तोंडात धरतो. पोरं सुटेपर्यंत दाणा घेत नाय. बाकीच्यांनी जाळ्यातच ओकून टाकली. यानंच धरून ठेवली होती."

दादाने त्या गोळ्यांकडे पाहिले, मग हातातल्या दगडाकडे पाहिले, आणि दगड खाली ठेवला, अगदी सावकाश, कुणाची झोप मोडू नये इतक्या सावकाश.

पुढचे तीन दिवस त्या खोलीत हळदीचा आणि सडणाऱ्या मांसाचा वास होता. कोळिणीने निघताना बजावले होते की हात सोसवेल तितक्या गरम पाण्यात धरा आणि लगेच डॉक्टर गाठा. गरम पाण्याने कळ उतरली, आणि कळ उतरली म्हणून दादाने डॉक्टर नाकारला. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत फुगला. तिसऱ्या दिवशी तळवा जांभळा, मग काळा पडला, आणि दादा तापात हमालांना हाका मारू लागला. तेव्हा मी त्याला पाठीवर घेतले. तो किती जड आहे हे मला तोवर माहीत नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात उजेडात धरला, आत तुटलेल्या शिरा दाखवल्या आणि विचारले, "काटा ओढून कोणी काढला?" मी म्हटले, "यानेच." "आणि अडवायला कोणी नव्हते?"

त्यांनी मला दादाच्या खांद्यांवर वजन टाकून धरायला सांगितले. भुलीचे औषध दिले होते तरी पहिल्या कापाला त्याची पाठ कमानीसारखी वर आली, आणि मी माझ्या सगळ्या अंगाने त्याला खाली दाबले. ज्याने मला उभे केले त्याला मी दाबून धरत होतो. बाहेर घाट उतरणाऱ्या गाडीची शिटी झाली. करवतीचा आवाज थोडाच वेळ चालला. मधली दोन बोटे आणि त्यांच्या मुळाशी तळव्याचा तुकडा चिनी मातीच्या भांड्यात पडला, आणि डॉक्टर म्हणाले, "हात वाचला. पण ओझे उचलायचा हा हात राहिला नाही."

नवस न फेडताच मी कामावर पंधरा दिवस उशिरा रुजू झालो. निघायच्या आदल्या दिवशी, ऊन पडले होते, दादा खोलीच्या दारात बसला होता. मी धीर करून म्हटले, "दादा, त्या मावशीने मला सांगितले होते."

"ठावं हाय," तो म्हणाला. "मी वाकलो व्हतो, बहिरा न्हवतो."

रुळांवरून एक ट्रॉली गेली.

"मी वाट बगितली तुझी," तो म्हणाला. "म्हनलं, ह्यो आता बी.ए. झाला. ह्यो न्हाई म्हनला तर ठिवून दिऊ. दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हवतो, तुझं ऐकलं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्या पायांवर डोके ठेवून मोकळा झालो असतो.

थोड्या वेळाने तो उठला. स्टेशनात जाऊन मुकादमाला, हमाली जमणार नाही, दुसरे काही आहे का, असे विचारायचे होते. मुंडासे बांधल्याशिवाय तो कधी बाहेर पडत नसे. त्याने पटक्याचे एक टोक दातांत धरले, डाव्या हाताने फेरा घेतला, तो सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. पट्टीतल्या उजव्या हाताने आवळायला गेला आणि कळ येऊन भिंतीला टेकला. मी पुढे झालो. त्याने डाव्या हाताने माझ्या छातीवर असा तडाखा मारला की मी चुलीपाशी जाऊन पडलो. राखेत हात टेकून मी उठलो, पुन्हा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि पटक्यासाठी हात पुढे केला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने दातांतले टोक सोडले आणि मान खाली केली.

मी त्याच्याहून बुटका आहे, म्हणून त्याला पुष्कळच वाकावे लागले. फेऱ्यावर फेरा घेताना त्याचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता, आणि बोटांना त्याच्या कपाळाची धडधडणारी शीर लागत होती. पुढे त्याने फाटकावर रखवालदारी धरली, लग्न केले, डाव्या हाताने मुंडासे बांधायलाही शिकला. माझ्याशी तो नेहमीच चांगला वागला. पण त्या दुपारी तो मला क्षमा करून वाकला, की दुसरे कोणी बांधून देणारे नव्हते म्हणून वाकला, हे मी त्याला कधी विचारू शकलो नाही. त्याने मान वर केली तेव्हा मुंडासे एका बाजूला कलले होते. त्याने ते तसेच राहू दिले आणि उन्हात निघून गेला.