कोरडी जोडी आणि अध्यक्षांचा टी-शर्ट

आम्ही पठारावर पोचलो तेव्हा पाऊस आडवा येत होता, आणि कॉलेजचे खैरनार सर मुलांना अंगावरचे रेनकोट काढायला सांगत होते.

मी रांगेच्या शेवटी होते, गुडघा सांभाळत. पुढे येऊन बघते तर चार-पाच पोरांनी सॅक चिखलात उघड्या टाकलेल्या. माझं डोकंच फिरलं.

थोडं समजावून सांगते. हरसूलकडच्या डोंगरांत मी कॉलेजच्या मुलांचे पावसाळी ट्रेक नेते. लोकांना वाटतं, रेनकोट घेतला की झालं. रेनकोटने माणूस कोरडा राहत नाही हो. बाहेरून पाऊस, आतून घाम, थोड्या वेळात सगळे ओलेच. तो वारा अडवतो, ओल्या अंगाला थंडी जरा कमी वाजते, एवढंच. खरं सामान म्हणजे कोरडी जोडी. एक टी-शर्ट, एक पँट, मोजे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, तोंड पिळून गाठ मारायची आणि पिशवी सॅकच्या तळाशी. मुक्कामाला पोचेपर्यंत ती उघडायची नाही, आभाळ कोसळलं तरी. निघण्याआधी मी प्रत्येकाची गाठ हाताने ओढून बघितली होती. घसा बसेपर्यंत हे सांगितलंही होतं. किती वर्षं तेच सांगतेय.

पिशवीत टी-शर्ट कोणता, हे मात्र सरांनी ठरवलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस जवळ आला होता. त्यासाठी नवे टी-शर्ट छापले होते, छातीवर अध्यक्षांचा हसरा चेहरा. ते घालून मुलांचा फोटो काढायचा होता. ओझं कशाला वाढवता, हाच तुमचा कोरडा टी-शर्ट, असं सर मुलांना म्हणाले. मलाही ते पटलं. फोटो मुक्कामाला काढणार, असं मी धरून चालले होते.

सरांना तो माथ्यावर हवा होता.

"सर, हे आत्ता भिजले तर रात्री पोरं काय घालणार?"

"दोनच मिनिटं, मॅडम."

"दोन मिनिटांत भिजत नाही असा टी-शर्ट दाखवा मला."

सरांनी मला बाजूला घेतलं. ते तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे नोकरी कायम नाही, दर सत्राला नवी ऑर्डर निघायला लागते. "अध्यक्षांनी स्वतः सांगितलंय, बॅनरवर डोंगरातला फोटो हवा," ते हळूच म्हणाले. "तो नाही मिळाला तर दिवाळीनंतरची माझी ऑर्डर काही निघत नाही. घरी आई, बायको, दोन लेकरं. तुम्हीच सांगा."

काय सांगणार, कपाळ! माणूस वाईट नव्हता. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच आला. मी म्हटलं, "पोरं माझ्या भरवशावर आलीत, सर. सॅक बंद." आणि शिट्टी मारली.

बहुतेकांच्या गाठी वाचल्या. प्रणालीची वाचली नाही. वर्गातली सगळ्यात आज्ञाधारक मुलगी ती. सरांनी म्हणायचा अवकाश, तिने ओल्या कुर्त्यावरच टी-शर्ट चढवला होता. पिशवी उघडीच राहिली, पँट-मोज्यांचाही पार लगदा झाला.

उतरताना तिचे दात वाजायला लागले. मग ती गप्प झाली. थंडी भरलेलं पोर बडबड करतंय तोवर ठीक असतं, गप्प झालं की घाबरायचं. पुढे तिची पावलं अडखळायला लागली. आईचं नाव विचारलं तर विचार करून सांगितलं. मी मनातून पार टरकले होते. सर तिचा दंड धरून चालत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

मुक्काम गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. पोचल्या पोचल्या सरांनी स्वतःची पिशवी सोडली आणि अध्यक्षांच्या टी-शर्टासकट सगळी जोडी माझ्या हातात ठेवली. मी प्रणालीला आतल्या खोलीत नेलं, ओले कपडे उतरवले, सरांचे ढगळ कपडे चढवले, घोंगडीत गुंडाळलं आणि गुळाचा गरम चहा घोट घोट पाजला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ताई, अजून थोडा मिळेल?" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

फोटो मग वर्गातल्या फळ्यापुढे निघाला. सगळी पोरं कोरडी. प्रणाली मधोमध, सरांचा टी-शर्ट तिच्या गुडघ्याला टेकलेला. सर फोटोत नाहीत. ओल्या कपड्यांत कुडकुडत तो त्यांनीच काढला. काढून झाल्यावर म्हणाले, "संपलं माझं."

काही दिवसांनी कॉलेजच्या चौकात बॅनर लागला. मी स्कूटर कडेला घेतली. फळा गायब. मागे पांढराशुभ्र बर्फाचा डोंगर, आणि त्याच्यापुढे आमची पोरं अर्ध्या बाह्यांत हसतायत. बॅनरवाल्याने कॉम्प्युटरवर बसवून दिला होता. अध्यक्ष जाम खूश झाले म्हणे. दिवाळीनंतर सरांची ऑर्डर निघाली.

परवा सरांचा फोन आला, पुढच्या पावसाळ्यातही मुलांना न्यायचंय. गुडघा नको म्हणतो, पण नेईन. पिशव्या भरताना सरांनी स्वतः मुलांना काय सांगायचं ते मी त्यांना पढवून ठेवलंय: डोंगर मागाहून चिकटवता येतो, कोरडा टी-शर्ट नाही.