फुकटच्या डावाची रीत

आमच्या बारमध्ये रविवारी दुपारी फुकट पोकरचा डाव असतो. पैसे लावत नाहीत, प्लास्टिकच्या चकत्या लावतात. मी आत बोंबील तळते आणि खिडकीतून बघते. फुकट म्हटलं की माणूस रीत सोडतो. गण्या मेकॅनिक तर पत्ते न बघताच सगळ्या चकत्या पुढे ढकलतो, वर दुसऱ्यांना घाई करतो.

परवा पवार मास्तर आले. लकव्यानं उजवा हात गेल्यापासून, म्हणजे चार महिने, ते घराबाहेर पडले नव्हते. डाव्या हातानं पत्ते उचलायला त्यांना वेळ लागत होता.

"मास्तर, मुहूर्त काढताय का?" गण्या म्हणाला.

मास्तरांनी पत्ते खाली ठेवले आणि ते उठायला लागले. आता गेले तर हा माणूस पुन्हा घरातून निघायचा नाही, हे मला कळत होतं.

"गण्या, बोंबलासाठी वीस मिनिटं थांबतोस ना? मग माणसासाठीही थांब," मी आतून ओरडले. "बसा हो मास्तर."

मास्तर बसले. समोरच्याला त्याचा वेळ द्यायचा, एवढीच खेळाची रीत. तीही फुकटच असते.

पुढचा डाव मास्तरांनी स्वतः वाटायला घेतला. एक पत्ता त्यांच्या हातातून निसटला आणि गण्यासमोर उताणा पडला.

"घ्या परत, मास्तर. मी नाही पाहिला," गण्या म्हणाला.

धडधडीत खोटं बोलला मेला. बदाम राणी मला शेगडीपासून दिसली होती.