वायर माझ्या खिशात होती

मॉडेमची चांगली वायर मी स्वतःच्या हाताने कापली. ती खराब आहे, अशी माझी पक्की समजूत होती... माझ्या समजुती नेहमी पक्क्याच असतात. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. होता तो फक्त स्वतःच्या डोक्यावर, आणि तोही त्या सकाळी गेला.

२००३ च्या सुमाराचा उन्हाळा. मी दौंडचा, दूध डेअऱ्यांना कॉम्प्युटर बसवून देणारा. केंदूरच्या डेअरीतलं सॉफ्टवेअर उघडलं की आधी फोनच्या लाइनवरून शिरूरच्या ऑफिसातला त्या दिवसाचा दुधाचा दर आणायचं. दर आल्याशिवाय पावती नाही. त्या दिवशी नेट बंद. स्क्रीनवर नुसतं 'लोडिंग' – आणि बाहेर कॅन घेऊन अख्खं गाव. पावतीशिवाय टँकरवाला दूध घेईना. टँकर रिकामा गेला असता, तर सगळं दूध उन्हात नासलं असतं.

रीस्टार्ट केलं. परत केलं. सीपीयूला थोपटलं. मग वायर कापली.

"आता चालंल?" चेअरमन आबांनी विचारलं.

"आता नवी वायर लागेल, आबा."

"म्हंजी मगाशी लागत नव्हती?"

रांगेतल्या मंगलमावशी कॅनवर ओलं फडकं टाकत म्हणाल्या, "लेकरा, कायतरी कर रं. ह्या दुधावरच घर हाय माझं."

मला त्यांच्याकडे बघवेना. वायर मॉडेममधून उपसून खिशात कोंबली आणि मोटरसायकलवर पाबळ गाठलं. दुकान बंद. येताना रस्त्याकडेला गाडी लावून – खरं सांगतो – रडलो.

परतलो, तर ओसरीवरच मॉडेमची किरकिर ऐकू आली. आत पावत्या निघत होत्या. टँकर भरत होता. स्क्रीनवर दर होता, आणि तो आदल्या दिवशीचा नव्हता.

मॉडेमच्या मागे हात घातला. सॉकेट रिकामं. वायर माझ्या खिशात...

संध्याकाळी टेलिफोन एक्स्चेंजला विचारलं. लाइन दिवसभर डेड. शिरूरला विचारलं. सकाळी त्यांच्याकडे वीजच नव्हती. नवा दर त्यांनी कॉम्प्युटरवर चढवला तो दुपारी. दर मात्र तोच, जो आम्ही सकाळी पाहिला.

त्यानंतर भेटेल त्या इंजिनियरला विचारत आलोय.

त्या दिवशी निघताना आबांनाही विचारलं, "मी नसताना मशीनला कुणी हात लावला होता का?"

"कुनी न्हाई. तुम्ही गेला आन् ते आपसूक चाललं. पुढल्या टायमाला या, पन गेटाच्या आत येऊ नगा."