मामांना घेऊन झरी जामणीला सोयरीक करायला

मामांना सोबत नेऊ नका. सल्ला एवढाच. आम्ही नेलं, म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

माझा धाकटा भाऊ विकास यवतमाळला शिकत होता, तिथे वर्गातल्या सविताशी जमलं. पोरगी बंजाराच, आमच्यातलीच. अडचण एवढीच की तिचा तांडा पार झरी जामणीच्या जंगलात आणि आमचा उमरखेडच्या वरच्या माळावर. म्हणायला जिल्हा एक, पण ह्या टोकावरून त्या टोकाला जाता जाता कंबरडं मोडतं. हो की नाही, ते तिचे वडील समोरासमोर सांगणार होते.

डिझेल उमरखेडलाच भरून घ्या. आर्णीपर्यंत रस्त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मागच्या सीटवर बसली होती. मामा घरात मोठे, म्हणजे बोलणी तेच करणार. खाली कालव्याकाठचा ऊस आणि हळद दिसली की "हा आपला पट्टा" म्हणून छाती फुगवायचे. आपला कसला डोंबलाचा? आमचे पूर्वज बैलांवर माल लादून फिरायचे. ते स्थिरावले तोवर काळी जमीन खालच्या गावांची झालेली, आमच्या वाट्याला मुरमाड माळ आला. कालवा आमच्या अंगणातून दिसतो. नुसता दिसतो. पण मामांना कोण सांगणार!

आर्णीकडे सपाट काळं रान, जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग. तिथे तर्री-पोहे जरूर खा. मामांनी दोन प्लेटा संपवल्या आणि मग तेल जास्त असल्याचं जाहीर केलं. घाटंजी सोडलं की सागवान सुरू होतं आणि मोबाइलची रेंज जाते. पांढरकवड्याच्या पुढे रस्ता असा की एक खड्डा चुकवावा तर जीप दुसऱ्यात जाते. टपरीवर चहा चांगला मिळाला, गप्पा मात्र निम्म्या तेलुगूत. वाट विचारली तर म्हणे गाव इकडे, कोलाम आदिवासींचा पोड तिकडे, तांडा आणखी पलीकडे. इथे ज्याची त्याची वस्ती वेगळी आणि वाटही वेगळी. आम्ही अर्थातच पोडावर जाऊन पोचलो. मामा म्हणाले, असल्या जंगलातल्या माणसांनी तर आपल्याला पायघड्या घालायला हव्यात. मी दात-ओठ खात जीप वळवली.

सविताचा तांडा ओढ्याकाठी विसावलेला, घराच्या दारातच विहीर. तिचे वडील थोडी कोरडवाहू शेती करतात आणि जंगलातली कामं. माणूस अबोल. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकर अशी झकास होती की मामांनीही तेलाचं नाव काढलं नाही. मग सुरू झाले. आमची जमीन, घर, विकासची खताच्या दुकानातली नोकरी, सगळं दुप्पट करून सांगितलं. बोलणं आमच्या गोरबोलीत चाललं होतं, इथे मराठीत देतो. वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं.

"उन्हाळ्यात पाणी कोठून आणता?"

"घरात नळ हाये ना," मामा म्हणाले.

नळ आहे. त्याला पाणी येत नाही, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मोठ्यांच्या बोलण्यात तोंड कसं घालणार? विकासनं घातलं.

"नळ कोरडा हाये, काका. माळाखालच्या विहिरीवरून आणा लागते. मे महिन्यात तेही आटते, मंग टँकरची वाट पाहा लागते."

"आणते कोण?"

विकासची मान खाली गेली. "याडी. अन् वहिनी."

याडी म्हणजे आमची आई, वहिनी म्हणजे माझी बायको शारदा. सविताच्या वडिलांनी दारातल्या विहिरीकडे पाहिलं. "मंग मी मे महिन्यातच येतो पाहाले," ते म्हणाले. "तवाच सांगतो."

रात्री तिथेच मुक्काम केला. परतीच्या वाटेवर मामांनी विकासचा उद्धार केला: जमत आलेली सोयरीक पोरानं तोंडानं घालवली, माणसानं कुठे काय बोलावं याला काही अक्कल? जाताना लागलेले सगळे खड्डे येतानाही जागच्या जागी होते.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. विकासनं बूट काढले, याडीच्या हातातला हंडा घेतला आणि सरळ माळ उतरायला लागला. मामा खाटेवर आडवे झाले. शारदानं मला तांब्या दिला. मी पायांवर पाणी ओतत तिला सगळं सांगितलं, मामांची नक्कलही केली. ती हसली नाही.

"माह्या बाबानं काहून नाही इचारलं?" ती म्हणाली, आणि दुसरा हंडा उचलून विकासच्या मागे निघाली.