ठकीनं घरी आणलेला वाटा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंगरी म्हणत. काहींच्या पायाला भिंगरी असते, याच्या जिवालाच होती. जेवायला बसला तरी एक पाय दाराकडे. लिफ्ट चालू झाली की लोक सुटकेचा श्वास सोडून आपापल्या घरी जातात. हा मात्र कितीतरी वेळ रिकाम्या लिफ्टमधून खालीवर करत दाराच्या खटक्याचा आवाज ऐकत राहायचा. आणि खटका बरोबर वाजला तरी तोंड पाडूनच बाहेर यायचा, कारण आज बरोबर वाजला तो उद्या वाजेलच असं थोडंच आहे? त्याची बायको औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. ती म्हणायची, "देवानं तुम्हाला घडवलं आणि ब्रेक बसवायचा विसरला." लग्न झाल्यापासून ती हेच म्हणत होती आणि हा दर वेळी नव्यानं हिरमुसायचा.

त्यांना एकच मुलगी. तान्ही असताना दुपट्यात लाकडी बाहुलीसारखी ढिम्म पडून राहायची म्हणून तिला ठकी म्हणायला लागले, ते आठ वर्षांची झाली तरी सुटलं नाही. बापाची घाई तिच्यात औषधालाही नव्हती. बुटाची नाडी बांधायला बसली की बांधतच बसायची, आणि तो दारात उभा राहून किल्ल्या वाजवायचा.

घराजवळची चांगली शाळा म्हणजे ख्रिस्ती सिस्टरांची शाळा. तिथे जागा मिळवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. भिंगरीला ती मिळाली एका लिफ्टमुळे. शाळेच्या मोठ्या सिस्टर एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या. हा वर यंत्राच्या खोलीत जाऊन हातानं ब्रेक सोडून चाक फिरवायचा, लिफ्ट वीतभर खाली आणायचा, मग धावत जिना उतरून दाराच्या फटीला तोंड लावून सांगायचा, "सिस्टर, घाबरू नका." तिसऱ्या खेपेला आतून शांत आवाज आला, "मी घाबरलेली नाही. घाबरलात तुम्ही. सावकाश करा." बाहेर आल्यावर त्यांनी त्याला पाणी दिलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं, आणि पुढच्या वर्षी ठकीला शाळेत घेतलं.

"आपण त्यांच्यातले नाही," बायको म्हणाली होती.

"गणित काय त्यांचं वेगळं असतं?" भिंगरी म्हणाला. बोलायला बोलला, पण आतून त्याला धाकधूक होतीच. ठकीच्या वर्गात बाकी सगळी मुलं त्यांच्यातली. आपली पोर तिथे वेगळी पडू नये, कुणी तिच्याकडे बोट दाखवू नये, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यापायी झोप उडाली होती गड्याची.

प्रवेशाच्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी त्याला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. दर शुक्रवारी चॅपेलमध्ये, शाळेतल्या छोट्या चर्चमध्ये, मिस्सा होते, म्हणजे त्यांची उपासना. सगळी मुलं बसतात. शेवटी रांग लावून मुलं फादरांसमोर जातात, तेव्हा जी आमच्यातली नाहीत त्यांनी एवढं करायचं की... आणि नेमका त्याच वेळी बाहेर लिफ्टच्या दाराचा खटका चुकीचा वाजला. भिंगरीचे कान तिकडे. त्यानं तीनतीनदा मान डोलावली, आभार मानले आणि उठून आधी तो खटका बघायला गेला. आता याला काय म्हणावं?

घरी येऊन त्यानं ठकीला आपल्या पद्धतीनं शहाणपण शिकवलं. "हे बघ, बाकीची मुलं करतील तेच करायचं. उठली की ऊठ, बसली की बस, रांगेत गेली की रांगेत जा. वेगळं पडायचं नाही."

"बरं," ठकी म्हणाली. ती सांगितलेलं विसरत नसे, हाच तर घोटाळा.

दोन वर्षं सुरळीत गेली, कारण लहान वर्गातली मुलं त्या रांगेत जातच नव्हती. तिसऱ्या वर्षी तिच्या वर्गातल्या मुलांना जायची परवानगी मिळाली. पहिल्याच शुक्रवारी सगळी उठली, ठकीही उठली; फादरांनी सगळ्यांच्या हातावर ठेवलं ते तिच्याही हातावर ठेवलं. संध्याकाळी भिंगरी कामावरून आला, बायको दुकानातून आली, तेव्हा ठकीनं दप्तरातून स्वच्छ घडी घातलेला रुमाल काढला. रुमालात एक पांढरी, कागदासारखी पातळ चकती होती. चकती कसली, अर्धी चकती.

"अर्धी मी खाल्ली," ती म्हणाली. "अर्धी तुम्हाला दोघांना."

बायकोचा चेहरा फुलला. देवाच्या घरी मिळालेलं एकट्यानं खायचं नाही, घरी न्यायचं, असलेल्या माणसांत वाटायचं, हे तिनंच पोरीला शिकवलं होतं. तिनं चकती हातात घेतली, कपाळाला लावली आणि मोडणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई ठकीचा खालून दुमडून शिवलेला झगा घेऊन आल्या. या बाई त्या धर्मातल्या. दारातच त्यांचा चेहरा उतरला.

"मोडू नका ताई," त्या हळूच म्हणाल्या. "खाऊही नका. खाली ठेवा."

मग त्यांनी खुर्चीवर बसून समजावलं. आम्ही हे पहिल्यांदा घेतो त्याआधी वर्षभर शिकतो. तुमचा प्रसाद म्हणजे देवाला दाखवलेली वस्तू; आमच्यासाठी ही वस्तूच नाही, हा प्रत्यक्ष देव आहे. तो दिल्या जागी घ्यायचा, रुमालात बांधून न्यायचा नाही, आणि जे आमच्यातले नाहीत त्यांनी तर घ्यायचाच नाही. ती मुलं छातीवर दोन्ही हात आडवे ठेवून जातात, म्हणजे फादरांना कळतं. "शाळेत सांगतात की हे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

भिंगरीला तो खटका आठवला.

बाई गेल्या. जाताना म्हणाल्या, मी कुणाला काही बोलणार नाही, पण ते फादरांकडे पोचवा. टेबलावर रुमाल, रुमालात देव, आणि भोवती भिंगरीच्या येरझाऱ्या. टाकून देता येत नाही, खाता येत नाही, घरात ठेवता येत नाही. फादरांकडे न्यावं तर मोठ्या सिस्टरांच्या कानावर जाणार, मग शाळा संपली. "सिस्टरांनी उपकार म्हणून जागा दिली आणि आपण त्यांच्या देवाचे तुकडे करून आणले," तो म्हणाला. "पाण्यात विरघळवून झाडाला घातलं तर? कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," बायको म्हणाली. "आपल्या देवाचं कुणी असं केलं असतं तर?"

ठकी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "मी चुकले का?"

"तू नाही," भिंगरी म्हणाला. तेवढं मात्र त्याच्या तोंडून लगेच निघालं.

त्यानं स्क्रू ठेवायची एक कोरी डबी धुऊन पुसून घेतली, चकती तिच्यात ठेवली. डबी ठकीनं हातात घेतली. माझी आहे, मीच नेणार. चर्च दोन गल्ल्या पलीकडे. रस्त्यात हा पढवत होता, "सांगायचं, मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायचं."

"पण तुम्ही सांगितलं होतं की, सगळे करतात ते कर म्हणून."

"ते नको सांगू."

"मग खोटं बोलू?"

बाप भरभर पुढे निघाला. ठकी डबी दोन्ही हातांत धरून एकेक पाऊल जपून टाकत होती, आणि हा चार पावलं पुढे जाऊन परत चार पावलं मागे येत होता.

फादर चर्चमागच्या खोलीत खुर्च्यांच्या पायांना रबराची टोपणं बसवत होते. म्हातारा माणूस, स्वेटरचं बटण एक घर चुकलेलं. भिंगरीनं तोंड उघडलं ते थांबेचना. चूक माझी, पोर लहान आहे, सिस्टरांनी सांगितलं होतं, माझं लक्ष नव्हतं, वाटेल ते बोला पण तिचं नाव काढू नका शाळेतून. फादरांनी त्याला संपू दिलं. मग ठकीला विचारलं, "अर्धी का ठेवलीस?"

"बाबा कामावर होते. आईपण."

फादरांनी हातातलं टोपण खाली ठेवलं. मग त्यांनी हात धुतले, डबी उघडली, उभ्यानंच ती अर्धी चकती तोंडात ठेवली आणि डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी डबीत पाणी ओतलं, बोटानं कडेकडेनं फिरवलं आणि पिऊन टाकलं. भिंगरी बघतच राहिला. त्याचे वडील जेवण झालं की ताटात पाणी फिरवून असेच पिऊन टाकायचे, कण वाया जाऊ नये म्हणून. तो लाजायचा तेव्हा त्या गोष्टीला.

"दिली तर मीच," फादर म्हणाले. "चष्मा कपाळावर होता माझा. सिस्टरांशी मी बोलतो. पुढच्या शुक्रवारी असे हात ठेवून ये, बाळा. मी डोक्यावर हात ठेवीन."

ठकीनं छातीवर हात आडवे ठेवून बघितले. "आणि त्यातलं घरी काय न्यायचं?"

फादर हसले आणि त्यांनी रिकामी डबी पुसून तिच्या हातात दिली.

तो आठवडा भिंगरीनं कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. फोन वाजला की दचकायचा. मोठ्या सिस्टरांनी बोलावलं तेव्हा तो हत्यारांची पिशवी न घेताच गेला, सरळ शिक्षा ऐकायला. सिस्टर म्हणाल्या, "मी सांगत होते आणि तुम्ही दाराकडे बघत होतात. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं." जागा शाबूत होती.

"तेवढी ती वेगळी पडू नये बघा," हा म्हणाला.

"थोडी पडणार," सिस्टर म्हणाल्या. "ते मला टाळता येणार नाही. तुम्हालाही नाही."

शुक्रवारी शाळेच्या लिफ्टला काहीही झालेलं नव्हतं, तरी हा पिशवी घेऊन तिथे हजर. चॅपेलच्या मागच्या दाराशी उभा राहिला. रांग निघाली. इतक्या मुलांत एकट्या ठकीचे हात छातीवर. मागच्या मुलीनं पुढच्या मुलीला काहीतरी खुणावलं, दोघी हसल्या. फादरांनी ठकीच्या डोक्यावर हात ठेवला, काही पुटपुटले, ती परत जागेवर आली. बाकीची पोरं तोंड मिटून, डोळे मिटून बसलेली, आणि ही एकटी उघड्या डोळ्यांनी समोर बघत. भिंगरीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ज्या गोष्टीसाठी त्यानं जिवाचं रान केलं तीच त्याच्या डोळ्यांदेखत होत होती, आणि तिला तिथे बसवणारा तोच होता.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या तो बायकोला म्हणाला, "काढू या तिला तिथून. दुसरी शाळा बघतो मी. लांब असली तरी चालेल, मी सोडत जाईन."

"तिला विचारलंत?"

"तिला काय कळतंय? हसत होत्या पोरी तिला."

ठकी दारात बसून बुटाची नाडी सोडत होती. नेहमीसारखी सावकाश सोडली, बूट जोडीनं भिंतीला लावले, हात धुतले, पुसले. मग आत आली. "बाबा, खाली बसा."

"थांब जरा, आम्ही बोलतोय."

"आधी बसा."

तो जमिनीवर बसला, एक गुडघा उभाच, उठायच्या तयारीत. ठकीनं आपला ओलसर तळवा त्याच्या डोक्यावर ठेवला. नुसता टेकवला नाही, नीट दाबून ठेवला. ओठ हलवले. मग तशीच उभी राहिली.

"हे काय गं?" बायकोनं विचारलं.

"फादरनी मला दिलं ते. एवढाच वेळ ठेवला होता त्यांनी हात, मी मोजलंय मनात. आता तुझं." आणि बापाच्या डोक्यावरचा हात न काढताच तिनं दुसरा हात आईकडे लांब केला. "हे बरं आहे, आई. याचं अर्धं करावं लागत नाही."

बायको पदर सावरत खाली बसली. भिंगरीनं उभा गुडघा हळूच खाली घेतला. बायकोचं होईपर्यंत तो मांडी घालून तिथेच बसून होता, आणि झाल्यावरही लगेच उठला नाही.