न्यूट्रलमध्येही न थांबणारी थरथर

आमच्या ह्यांना सगळे नाडीवाला म्हणतात. गॅरेजच्या पाटीवर दुसरंच काहीतरी लिहिलंय, पण ती पाटी रंगवणाऱ्याशिवाय कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. गाडीचा बिघाड शोधायला बाकीचे मेकॅनिक आधी गाडी खोलतात, हे आधी नुसते बसतात. गाडी गिऱ्हाइकाने चालवायची, रेडिओ बंद, गप्पा बंद, आणि हे शेजारी डोळे मिटून. उजवा तळवा कधी गिअरच्या दांड्यावर, कधी सीटच्या कडेला, कधी वाकून पायाखालच्या पत्र्यावर. मग डोळे उघडून सांगणार, "मागच्या चाकाचं बेअरिंग." आणि तेच निघणार. आमचा संसार त्या एका तळव्यावर उभा राहिला, यात काडीचीही अतिशयोक्ती नाही.

लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्या आईशी धड बोलले नाहीत. टेबलावर हात ठेवून वर पंख्याकडे बघत बसले. आईने स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, "मुलगा जरा अर्धवट आहे का गं?" तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "तुमच्या पंख्याचं एक पातं वाकलंय. पडेल एखाद्या दिवशी." मी तेव्हाही फटकळच होते. म्हटलं, "मग चढा स्टुलावर आणि करा सरळ!" चढले आणि केलं सरळ. तेव्हापासून मी बोलते आणि हे करतात, असं आमचं चाललंय.

गॅरेजच्या पुढच्या बाजूला सुट्या भागांचं काउंटर मी सांभाळते. त्यामुळे लेकीच्या गाडीचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

लेक नर्स आहे. तिला डोंगरातल्या एका दवाखान्यात मनासारखी नोकरी लागली होती आणि महिना उलटायच्या आत, एका सोमवारी, हजर व्हायचं होतं. जावई जहाजावर, महिनोन्‌महिने बेपत्ता. म्हणजे रोजचा घाट हिने एकटीने चढायचा-उतरायचा, आणि मागच्या सीटवर माझी नात, जिला अजून स्वतःचे बूट घालता येत नाहीत. लेकीच्या जुन्या गाडीचं इंजिन पार बसलं होतं. यांनी भंगारवाल्याकडून दुसरं आणलं, त्याच जातीचं पण जरा दांडगं. ज्या गाडीतून ते काढलं ती मी पाहिली होती. पुढचा भाग कोरा करकरीत, आणि मागचं छप्पर सीटला टेकलेलं. मी मान फिरवली. शेजारच्या पेंटरने मात्र तोंड उघडलंच.

"दादा, इंजिन आणलंत खरं, पण त्याचा मालक मागोमाग यायचा हं."

"येऊ दे," हे म्हणाले. "धक्का मारायला एक माणूस कमीच आहे."

इंजिन बसलं. पहिल्या चाचणीला आम्ही तिघं गेलो. लेक चालवत होती, हे शेजारी, मी मागे. मोकळ्या रस्त्यावर गाडीने वेग घेतला आणि खालून अशी गुरगुर उठली की माझे दात शिवशिवले. यांनी लेकीला सांगितलं, "वेग असाच असू दे. क्लच दाब, न्यूट्रल कर." इंजिन मंदावलं, गाडी आपल्या जोरावर धावत राहिली, आणि गुरगुर जशीच्या तशी. "इंजिनाचा दोष नाही," हे म्हणाले. "गिअरबॉक्सच्या मागे आहे सगळं."

खरंच तसं होतं. नवं इंजिन पुढून किंचित खाली बसलं होतं, त्यामुळे गिअरबॉक्सची शेपटी वर उचलली गेली होती. तिथून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट दोन्ही टोकांना वेगवेगळ्या कोनात फिरत होता. यांनी इंजिनाच्या पायांखाली पट्ट्या घातल्या, कोन जुळवले, आणि पुन्हा आम्ही तिघं निघालो. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. लेक तर खुशीत हॉर्न वाजवत सुटली. मी म्हटलं, "सुटलो बाई!"

हे डोळे मिटून बसले होते. तळवा गिअरच्या दांड्यावर होता.

"अजून आहे," म्हणाले.

"कुठे आहे? मला तर काही लागत नाही," मी म्हटलं.

"बारीक आहे. आतून येतेय. वेग वाढव गं." लेकीने वाढवला. "आता कमी कर." तिने कमी केला. यांचा चेहरा उतरत गेला. चाकाची थरथर असली तर वेगाबरोबर वाढते, इंजिनाची असली तर ॲक्सिलरेटरबरोबर. एवढं इतक्या वर्षांत मलाही कळतं. "ही कशालाच बांधलेली नाही," हे म्हणाले. "हळू जा, जोरात जा, हिची चाल एकच." न्यूट्रल करून झालं, तरी तीच चाल. मग यांनी गाडी कडेला थांबवून इंजिन बंद करायला लावलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. यांनी दांड्यावरचा हात काही उचलला नाही.

"आहे," म्हणाले.

"बाबा, गाडी बंद आहे," लेक म्हणाली.

"दिसतंय मला."

मी दार उघडून आधी बाहेर उभी राहिले.

त्या दिवसापासून यांनी गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. कारण कळल्याशिवाय गाडी घाटात जाणार नाही, म्हणजे नाहीच. लेक कळवळून म्हणाली, "बाबा, सोमवारी गेले नाही तर ती जागा दुसरीला देतील. पुन्हा नाही मिळायची." हे म्हणाले, "मागे पोर बसणार आहे." बसने जा म्हणावं तर बस घाटाच्या पायथ्याशीच थांबते.

मग खोलाखोली सुरू झाली. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे बदलले, क्लच प्लेट बदलली, गिअरबॉक्सखालचं रबर बदललं, चाकं तोलून घेतली. माझ्या काउंटरवरचं अर्धं कपाट त्या गाडीने गिळलं. काम करताना हे अगदी पूर्वीसारखे. पाना हातात घेतला की हात दगडासारखा, एक आटा चुकायचा नाही. पण काम संपवून, बसून, तळवा टेकला, की तोच शब्द. आहे.

पेंटरची थट्टा बंद पडली. त्याने आपलं स्टूल गुपचूप दुसऱ्या भिंतीकडे नेलं आणि आमच्या गॅरेजकडे पाठ करून रंग घोटायला लागला. मी त्याला झापलं, "तुझ्याच जिभेला हाड नव्हतं ना, मग आता घाबरतोस कशाला?" पण खरं सांगायचं तर माझीही पाचावर धारण बसली होती. एका दुपारी आतून बोलण्याचा आवाज आला. मला वाटलं गिऱ्हाईक आलंय. डोकावले, तर हे एकटेच. गाडीशेजारी खाली बसून, अगदी हलक्या आवाजात विचारत होते, "काय हवंय तुला? सांग की एकदा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "भास होतायत तुम्हाला! झोप नाही, जेवण नाही, दुसरं काय होणार?"

"ये इकडे," हे म्हणाले. मला गाडीत बसवलं, माझा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि वरून आपला तळवा ठेवला. "आता डोळे मीट."

मी मिटले. आणि आलं हो ते! बारीक, एकसारखं, आतून कुणीतरी बोटाने टकटक करत असल्यासारखं. गाडी बंद, किल्ली यांच्या खिशात. मी किंचाळून हात ओढून घेतला.

"लागलं ना?"

"लागलं."

"म्हणजे मला वेड नाही लागलेलं," हे म्हणाले आणि त्यांना एवढं हायसं वाटलं की मला रडूच आलं. मी काउंटरवर जाऊन बसले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी लेकीला फोन करून सांगितलं, नोकरी गेली तर जाऊ दे, त्या गाडीत बसू नकोस.

शुक्रवारी बाजार बंद असतो. त्या सकाळी यांनी सगळंच उतरवलं. इंजिन बाहेर, गिअरबॉक्स बाहेर, शाफ्ट भिंतीला टेकवलेला, चारही चाकं कोपऱ्यात. टेकूच्या लोखंडी घोड्यांवर उरला नुसता सांगाडा. दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा यांनी पंखा बंद केला होता, हवेच्या कॉम्प्रेसरची पिन काढून ठेवली होती. रस्त्यावरही आवाज नव्हता. हे दाराच्या चौकटीवर तळवा ठेवून उभे होते. मला बघून फक्त मान हलवली. हो. आहे.

"काय बोलताय!" मी म्हटलं. "आता त्यात आहे तरी काय थरथरायला?"

"तूच बघ."

डबा खाली ठेवून मी चौकटीवर हात ठेवला. थंडगार पत्रा. मी श्वास रोखून उभी राहिले. काही नाही, अगदी मेलेला पत्रा. मग यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि ते आलं. तेच, त्याच चालीत.

मी हात चौकटीवरून उचलला. ठरवून नाही, भीतीनेच. यांचा हात माझ्या हातावर तसाच राहिला. आता आमच्या हातांखाली काही नव्हतं, नुसती हवा होती. थरथर चालूच होती.

यांनीही पाहिलं. मग यांनी जमिनीवरचा पाना उचलला. बोटं थांबली. पाना ठेवून हात सैल सोडला. अंगठा आणि शेजारचं बोट पुन्हा हलायला लागलं. सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. मी त्यांचं शेवटचंच पाहिलं, कप बशीवर वाजत राहायचा आणि ते मान खाली घालून बसायचे.

मी त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला, थांबवायला. माझ्या मुठीत तो हलतच होता.

आणि हे हसायला लागले!

"हसताय काय वेड्यासारखे?" मी ओरडले.

"अगं, म्हणजे गाडीत काहीच नाही," हे म्हणाले. चेहऱ्यावर इतका आनंद मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. "मी उगाच पोरीची अडवणूक केली. रविवारपर्यंत सगळं परत बसवतो. फोन कर तिला, सांग, सोमवारी खुशाल जा म्हणावं."

"आधी डॉक्टर."

"आधी गाडी," ते म्हणाले आणि पाना घेऊन इंजिनाकडे वळले.

मी बाहेर येऊन फोन लावला. गाडी अगदी ठणठणीत आहे, बाबांनी स्वतः तपासलीय, एवढं सांगितलं आणि हुंदका फुटला. पलीकडून लेक सारखी विचारत होती, "अगं आई, मग रडतेस कशाला?"